वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या पद्मिनीचे जाम ब्रेक कसे सोडवावेत

चिपळूणच्या घरी पडवीला लागून असलेल्या शेडमध्ये वडिलांची १९७८ची पद्मिनी नऊ वर्षं उभी होती. नवी बॅटरी घातली, कार्ब्युरेटर उघडून साफ केला, तर दुसऱ्याच दिवशी इंजिन सुरू झालं. मग गिअर टाकून क्लच सोडला. गाडी मागून किंचित खाली बसली आणि इंजिन बंद पडलं. चारपैकी तीन चाकं जागची हलत नव्हती. शेजारच्या काकांनी सुचवलं, "जीपला दोर बांधून ओढा, सुटतील." ओढलं असतं तर कदाचित सुटलीही असती. पण अशा ओढाताणीत लायनर (ब्रेकचे घासणारे पट्टे) शूपासून (ते ज्यांवर बसवलेले असतात त्या कमानींपासून) उखडतात, ड्रमच्या (चाकाबरोबर फिरणाऱ्या बिडाच्या डब्याच्या) आत आडवे अडकतात आणि ड्रमलाच चिरा पाडतात. आम्ही ओढली नाही, आणि तुम्हीही ओढू नका.

कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४पासून फियाट ११०० डी बनू लागली आणि सत्तरच्या दशकात तिला पद्मिनी हे नाव मिळालं. हिच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. खाली दिलेली पद्धत त्या गाडीवर बेतलेली आहे, पण अँबेसेडरला, जुन्या जीपला, कुठल्याही हायड्रॉलिक ड्रम ब्रेकला तीच लागू पडते.

ब्रेक नेमके जाम कशाने होतात

ब्रेक ऑइलला आपण ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकॉलवर आधारलेलं द्रव आहे आणि हवेतली ओल ते सतत शोषून घेतं. टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं तिथून, आणि रबरी होजच्या भिंतीतूनही. गाडी चालती असली की निदान पेडल दाबल्याने चाकांमधल्या सिलिंडरांतले, शू ढकलणारे पिस्टन हलत राहतात. उभ्या गाडीत तेच ओलसर ऑइल महिनोन्महिने सिलिंडरमध्ये एका जागी थांबतं. सिलिंडर बिडाचं, पिस्टन बहुधा ॲल्युमिनियमचा. बिडावर गंज चढतो, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते आणि दोघांमधली केसाएवढी फट भरून जाते. कोकणातल्या चार पावसाळ्यांत हे सहज घडतं.

पण चाक फिरत नाही याचा अर्थ पिस्टनच धरला असं नाही. शू गंजून ड्रमला चिकटलेले असतात, हँडब्रेकची केबल तिच्या नळीत अडकलेली असते, होज आतून फुगून बंद झालेला असतो किंवा मास्टर सिलिंडर (पेडलने ऑइलला दाब देणारा मुख्य सिलिंडर) दाब सोडत नसतो. या पाच जागा आहेत, आणि हातोडी उचलण्याआधी त्यातली कुठली धरली आहे ते शोधायचं. हे शोधण्यात घालवलेला अर्धा तास पुढचे दोन दिवस वाचवतो.

तयारी

गाडी सपाट, टणक जमिनीवर घ्या. ज्या चाकांवर काम नाही त्यांच्या पुढे-मागे लाकडी ठोकळे लावा. जॅकने उचलून लगेच घोडीवर (लोखंडी स्टँडवर) टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका.

दुसरी गोष्ट धुळीची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ड्रम काढल्यावर आतली काळी पूड फुंकर मारून किंवा एअरने उडवायची गॅरेजमधली सवय फुफ्फुसाला घातक आहे. स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी भरा, पूड भिजवा, फडक्याने पुसा, ते फडकं पिशवीत बांधून टाका. तोंडाला चांगला मास्क हवाच.

सामान फार नाही: सहा कोनी बॉक्स पाने, ब्रेक पाइपच्या नटासाठी असतो तो तोंड कापलेला रिंग पाना, गंज सोडवणारा स्प्रे, मेथिलेटेड स्पिरिट, तीन दगडांचं लहान होन (ड्रिलला लावून सिलिंडर आतून घासायचं अवजार), रबराला चालणारं लाल ग्रीस आणि सीलबंद ब्रेक ऑइल. डिझेल, रॉकेल, पेट्रोल, इंजिन ऑइल यांतलं काहीही ब्रेकच्या रबराजवळ आणायचं नाही. थेंबभर खनिज तेलानेही कप (पिस्टनपुढचं, ऑइल अडवणारं रबर) फुगतो, आणि फुगलेला कप म्हणजे पुन्हा जाम ब्रेक. गॅरेजमध्ये सगळं काही डिझेलने धुतात म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आधी रोग ओळखा

सुरुवातीला ब्रेकचं पेडल अजिबात दाबू नका. दाबलंत तर धरलेला पिस्टन आणखी बाहेर जाऊन बसेल आणि शू ड्रमवर अधिकच घट्ट होतील.

जाम चाक उचला, हाताने फिरवायचा प्रयत्न करा, आणि त्या चाकाचं हवा काढायचं निपल अर्धा आटा सैल करा. ऑइलची चिळकांडी उडून चाक सुटलं, तर दोष चाकात नाही. वरून आलेला दाब परत जात नव्हता. मग निपल बंद करून कोणाला तरी पेडल एकदा दाबून सोडायला सांगा म्हणजे चाक पुन्हा धरेल, आणि यावेळी होज जिथे लोखंडी पाइपला जोडलेला आहे त्याच्या पाइपकडच्या बाजूचा नट सैल करा. चाक सुटलं तर दाब त्याच्याही वर, म्हणजे मास्टर सिलिंडरमध्ये अडकतोय. नाही सुटलं, तर होज आतून बंद आहे. बाहेरून होज ठणठणीत दिसतो, आतला थर मात्र सुटून पडद्यासारखा आडवा येतो. पायाच्या जोराने ऑइल पुढे जातं, स्प्रिंगच्या जोराने परत येत नाही.

निपल उघडूनही चाक तसंच घट्ट राहिलं, तर मात्र दोष लोखंडात आहे: शू, पिस्टन किंवा हँडब्रेक. हँडब्रेक मागच्या चाकांवर चालत असेल तर केबल सैल करून पाहा. आमच्या गाडीचं मागचं डावं चाक एवढ्यानेच सुटलं. कोणीतरी हँडब्रेक ओढून ठेवला होता, नऊ वर्षं.

निपल आणि पाइपचे नट

हे वर अर्ध्या ओळीत लिहिलं, पण खरा घाम इथेच निघतो. निपल पोकळ असतं, त्याची भिंत पातळ असते आणि षटकोन इतका लहान की फिक्स पाना लावला की कोपरे गोल होतात. म्हणून तारेच्या ब्रशने आट्याभोवतीची माती काढा, गंज सोडवणारा स्प्रे मारा, आणि दिवसातून दोनदा असं दोन-तीन दिवस करा. निपलच्या भोकात घट्ट बसेल असा ड्रिलचा बिट उलटा, गुळगुळीत बाजूने घाला, म्हणजे पिळताना भिंत आत दबणार नाही. वरून छोट्या हातोडीने पाच-सात हलके टोले द्या. मग सहा कोनी बॉक्स लावून आधी घट्ट करायच्या दिशेने किंचित जोर द्या. एक बारीक 'टक' ऐकू येतो. तो गंज तुटल्याचा आवाज. त्यानंतर सैल करा, पाव आटा पुढे, थोडं मागे, पुन्हा स्प्रे, पुन्हा पुढे. पाना हाताला रबरासारखा लवचिक लागू लागला की थांबा, निपल पिळून तुटायच्या बेतात असतं. मी पहिल्या चाकाला तिथे थांबलो नाही आणि ते तुटलं. दुसऱ्या चाकाला थांबलो, आणखी दोन दिवस भिजवलं, आणि ते अलगद आलं.

पाइपच्या नटाला हीच रीत, पण एक गोष्ट वेगळी. नट पाइपवरच गंजलेला असतो, त्यामुळे नट फिरला की पाइपही बरोबर पिळतो. पाइप पिळताना दिसला तर तो वाचवायचा नाद सोडा. ४.७५ मिमीचा नवा पाइप कापून, दोन्ही टोकांना दुहेरी फ्लेअर करून (टोक पसरवून दुमडून) घेणं परवडतं. आतून गंजलेला जुना पाइप वाचवून काही हाती लागत नाही.

ड्रम काढताना

ड्रमच्या आत शू टेकतात त्या जागी वर्षांनी खाच पडते आणि कडेला उंचवटा उरतो, म्हणून आधी बॅकप्लेटच्या (शू आणि सिलिंडर जिच्यावर बसतात त्या पत्र्याच्या) मागून ॲडजस्टर फिरवून शू आत घ्या. ते गंजले असतील तर त्यांनाही स्प्रे आणि सबुरी. ड्रम अडवणारे छोटे स्क्रू काढा. काही ड्रमना आटे पाडलेली दोन भोकं असतात. त्यांत योग्य मापाचे बोल्ट घालून आलटून पालटून अर्धा अर्धा आटा घट्ट केले की ड्रम सरळ बाहेर सरकतो. तशी भोकं नसतील तर हबभोवती स्प्रे मारा आणि ड्रमच्या सपाट तोंडावर, बोल्टांच्या मधल्या जागी, लाकडी ठोकळा ठेवून सगळीकडून गोल ठोका. कडेवर लोखंडी हातोडी मारू नका. बीड ठिसूळ असतं, टवका उडतो.

शू ड्रमला चिकटले असतील तर ठोकताना मध्येच पोकळ आवाज बदलतो आणि चाक एकदम मोकळं होतं. असं सुटलेलं चाक तसंच वापरू नका. ड्रम काढा, लायनर शूवर पक्का आहे का ते नखाने कडा उचलून बघा. ब्रेक ऑइल प्यायलेला लायनर धुऊन, भाजून पुन्हा वापरतात. मी वापरत नाही आणि कोणाला सांगणारही नाही.

स्प्रिंग कुठल्या भोकात, कुठल्या बाजूने, याचे फोटो काढा. एका वेळी एकच चाक उघडा, म्हणजे दुसऱ्या बाजूचं चाक नमुना म्हणून शाबूत राहील.

धरलेला पिस्टन बाहेर काढणं

सिलिंडर बॅकप्लेटवरून सोडवून टेबलावर घ्या. रबरी बूट फाडून काढले तरी चालतील, नवे घालायचेच आहेत. पिस्टनच्या कडेची पांढरी भुकटी खरवडा, गंज सोडवणारा स्प्रे ओतून रात्रभर ठेवा.

दोन्ही तोंडं उघडी असलेलं सिलिंडर असेल तर काम सोपं. पिस्टनपेक्षा थोडा बारीक लाकडी दांडा घ्या, व्हाइसमध्ये धरा आणि पिस्टन आधी आत दाबा, बाहेर ओढू नका. एक-दोन मिलिमीटर आत गेला की गंजाची पकड सुटते आणि मग दोन्ही पिस्टन पलीकडून ढकलून काढता येतात. पिस्टनची कड पकडीने धरून पिळू नका, ॲल्युमिनियमवर दात उमटले की तो भंगारात गेला.

एका बाजूने बंद असलेल्या सिलिंडरला वेगळी युक्ती लागते, आणि मला ती सगळ्यांत भरवशाची वाटते. निपल काढून त्याच आट्याचं ग्रीसचं निपल बसवा. ऑइल येण्याचं भोक योग्य बोल्ट आणि तांब्याच्या वॉशरने बंद करा. मग हातपंपाची ग्रीस गन लावा आणि सावकाश पंप मारा. पाच-सहा पंपांपर्यंत काहीच होत नाही, हँडल जड होत जातं, आणि मग पिस्टनच्या कडेने तपकिरी गंजाचं रिंगण बाहेर येताना दिसतं. पिस्टन दमादमाने सरकत येतो, कारण ग्रीस हवेसारखं दबून उसळत नाही. नंतर मात्र ग्रीसचा कण न कण स्पिरिटने धुऊन काढायचा आणि त्या सिलिंडरमधलं सगळं रबर फेकून द्यायचं.

टायरवाल्याकडची हवा देऊन पिस्टन काढतात तेव्हा तो गोळीसारखा सुटतो. समोर बोट असेल तर बोट जातं. ग्रीस गन मिळत असताना ती जोखीम कशाला घ्यायची?

तापवायचं झालं तर एक लक्षात घ्या. ॲल्युमिनियम बिडापेक्षा जास्त प्रसरण पावतं, त्यामुळे सगळं सिलिंडर सारखं तापलं की पिस्टन उलट घट्ट होतो. उपयोग होतो तो तापून गार होण्याचा. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं, मग गार होऊ द्या, पुन्हा स्प्रे, असं तीन-चार वेळा करा. ज्योत नको. आत ऑइल कोंडलेलं असतं, आणि काही ब्रेक क्लीनरची वाफ ज्योतीने विषारी होते.

सिलिंडर ठेवायचं की टाकायचं

इथे मन घट्ट करावं लागतं. आतली भिंत स्पिरिटने पुसून उजेडात धरा. नुसते डाग असतील तर ब्रेक ऑइल लावून होन फिरवा: ड्रिल मंद गतीवर, होन सतत आत-बाहेर, पाच-सहा सेकंद, मग पुसून पाहा. डाग राहिले तर आणखी एकदा. पॉलिश पेपर लांबीच्या दिशेने घासू नका, त्या उभ्या ओरखड्यांतून ऑइल पाझरतं.

मग करंगळीचं नख आतून फिरवा. कप जिथे सरकतो त्या पट्ट्यात नख कुठेही अडकलं, तर तो खड्डा आहे आणि सिलिंडर बाद. खड्डा जाईपर्यंत होन केलंत तर व्यास वाढतो आणि कप सैल पडतो. कोरडा पिस्टन आत ठेवून कडेने ०.१ मिमीची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) सहज जात असेल, तर समजा मर्यादा ओलांडली.

बाद सिलिंडरला दोन वाटा आहेत. नवं मिळालं तर नवं. पद्मिनीचे सुटे भाग आता शोधावे लागतात. मुंबईत टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे आणि शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली, त्यामुळे रोजचं गिऱ्हाईकही संपलं. दुसरी वाट म्हणजे चांगल्या लेथवाल्याकडून सिलिंडर बोअर करून (आतून मोठं कातून) आत स्टेनलेस स्टीलची स्लीव्ह (नळी) घालणं. त्याने ब्रेकचं काम आधी केलेलं असावं. स्लीव्हचा आतला व्यास कपच्या मापाशी जुळवून घ्या आणि ऑइलची भोकं स्लीव्हमधूनही पाडली आहेत का ते तार घालून तपासा.

रबर किट घेताना तारीख नसली तरी हाताने तारीख कळते. कपचा ओठ बोटाने उलटा दुमडा आणि भिंगातून पाहा. एका दुकानातून मी घेतलेलं किट पाकिटात नवंकोरं दिसत होतं, दुमडल्यावर ओठावर केसासारख्या भेगा उमटल्या. वर्षानुवर्षं फळीवर पडून ते वाळलं होतं. असं किट ब्रेकमध्ये घालू नये, कितीही दुर्मिळ असलं तरी.

होज, मास्टर सिलिंडर, केबल

होज तपासत बसू नका, सगळे बदला. उभ्या राहिलेल्या गाडीत हा खर्च टाळण्यासारखा नाही.

मास्टर सिलिंडरला व्हील सिलिंडरचेच नियम, पण आत एक बारीक भोक असतं, टाकीतून पिस्टनच्या पुढ्यात उघडणारं. पेडल सुटल्यावर जास्तीचं ऑइल तिथून टाकीत परत जातं. ते गाळाने बुजलं की चारही ब्रेक हळूहळू लागत राहतात. विजेच्या वायरमधली तांब्याची एक तार काढून त्यातून आरपार घाला. पेडलचा दांडा आणि पिस्टन यांत सुमारे एक मिलिमीटर मोकळीक हवी. ती नसेल तर कप त्या भोकावरच उभा राहतो आणि परिणाम तोच. चाकं ठीक करूनही ब्रेक धरत असतील तर नव्वद टक्के लोक पुन्हा चाकं उघडतात. आधी ही मोकळीक मोजा.

हँडब्रेकची केबल बाहेर काढून टांगा, वरच्या टोकाला प्लास्टिकचं नरसाळं बांधून तेल ओता आणि खालून थेंब पडेपर्यंत ठेवा. एकही धागा तुटलेला असेल तर नवी करून घ्या.

जोडणी आणि हवा काढणं

कप ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा, त्याचा ओठ ऑइलच्या बाजूला, पाठ पिस्टनकडे. ओठ दुमडू न देता बोटाने आत सरकवा. बुटाच्या आत लाल ग्रीसचा पातळ थर द्या. बॅकप्लेटवर शू घासतात त्या उंचवट्यांना उष्णता सहन करणारं ग्रीस, तेही बोटाने पुसल्याइतकंच.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४, सीलबंद डब्यातलं. डॉट ३चा उत्कलनबिंदू कोरडं असताना किमान २०५ अंश आणि ओल धरल्यावर १४० अंश. डॉट ४चा २३० आणि १५५. चिपळूणहून कुंभार्ली घाटात ये-जा करणाऱ्याला या आकड्यांचा अर्थ उतारावर कळतो: ऑइल उकळलं की पेडल स्पंजासारखं आत जातं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नका. आणि बॉनेटवर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा, रंग उकलून येतो.

हवा मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून काढत जवळ या. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सुरुवात बहुधा मागच्या डाव्या चाकाने होते. निपलला पारदर्शक नळी, तिचं टोक बाटलीतल्या ऑइलमध्ये बुडलेलं. आत बसलेल्याने सावकाश दाबायचं आणि "दाबलं" म्हणायचं, खालच्याने निपल उघडायचं, बंद करायचं, "सोड" म्हणायचं. भराभर पंप मारले की हवेचा फेस होतो. टाकीवर सतत लक्ष ठेवा; एकदा ती रिकामी झाली की चारही चाकं पहिल्यापासून. मास्टर सिलिंडर जुनंच ठेवलं असेल तर पेडल पार तळापर्यंत दाबू नका, एरवी न वापरलेल्या गंजलेल्या भागावर कप घासून फाटतो.

ॲडजस्ट आणि चाचणी

चाक फिरवत ॲडजस्टर घट्ट करा, चाक अडलं की किंचित सोडा, हलकी घासण ऐकू येईल इतपत. एकदा पेडल दाबून शू मध्यावर येऊ द्या आणि पुन्हा तपासा.

गाडी उभी असताना पेडल पूर्ण जोराने एक मिनिट दाबून धरा. पाय हळूहळू आत जात असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचा कप दाब धरत नाही. दोष सापडेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. पाय स्थिर राहिला तर मोकळ्या जागेत चालण्याच्या वेगाने, मग ताशी २० किमीने ब्रेक लावून पाहा, गाडी एका बाजूला ओढते का. त्यानंतर ब्रेक फारसा न लावता चार-पाच किलोमीटर चालवा आणि उतरून प्रत्येक ड्रमजवळ हाताची उलटी बाजू न्या. जे चाक बाकीच्यांपेक्षा गरम, ते अजून धरतंय.

पंधरा दिवसांनी चारही ड्रम पुन्हा एकदा काढा. सिलिंडरच्या बुटाची कड स्क्रूड्रायव्हरने हलकेच उचला. आत कोरडं असेल तर ड्रम बसवा आणि ऑइल बदलायची तारीख दोन वर्षांनंतरची लिहून ठेवा. ओल दिसली, तर ते सिलिंडर पुन्हा टेबलावर घ्या.